दोन आट्यांवरचा नट

हात काढ त्या खोक्यावरून, मिथुन. देतो असं मी अजून म्हटलेलं नाय. बघ, बघायला काय — बाहेरची ही करवतीची दोन गोल पाती, मधले हे चिपर, आतलं लाकूड खरवडणारे, वर कागदासारखे वॉशर. सगळं एकत्र चढवायचं, एकाच फेऱ्यात फळीला खाच, अशी साफ की मुंगी घसरून पडेल. शिरगावच्या गिऱ्हाइकाने तुझी कपाटं परत पाठवली ना, खाचांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या — ऐकलं मी, बोईसरात काय लपतं? उद्या परत द्यायचीत, तेही ऐकलं. पण मशीन कुठलं? तेच ना, प्लायवुडचं टेबल आणि खाली भंगारातली मोटर? पातं चढतं तो मोटरचा शाफ्ट किती बाहेर येतो? बोटांनी नको दाखवू, मोजलास का? नाय ना. हा संच चढवलास की नट पकडायला शाफ्टवर आटे उरतील दोन. दोन!

माझंच पातं सुटलेलं, तुला ठाऊक हाय — मागच्या वर्कशॉपातून निघालं ते थेट चिंचणी, वाटेत सात नारळ उतरवले, तिथल्या एका कोळणीने टोपलीत झेललं आणि पापलेट म्हणून विकलं. अख्खा बाजार हसतो. तू पाचव्यांदा ऐकतोयस, तरी हसतोस. हस... नको, नको हसू.

कुठे निघालास? रूपेशच्या दुकानात? तो देईल, शाफ्टबिफ्ट विचारणारही नाय. थांब — थांब म्हणतो ना! पातं चिंचणीला गेलंच नाय रे. आठ फूटसुद्धा गेलं नाय. फळी लांब होती, दुसरं टोक प्रेमलाने धरलेलं. माझ्या बायकोला तू दुकानात कधी पाहिलंयस? मग. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, विळीवर पडले. विळीवर! खांद्यापासून कोपरापर्यंत? डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला, आणि मी — मी मान डोलावली. नारळ नंतर आले. आधी दोनच होते, मग वाढत गेले. डावा हात वर जात नाय आता तिचा, केस शेजारची सुलू विंचरून देते. आणि आटे — आटे मी मोजलेले, मिथुन. आधीच मोजलेले. दोनच उरलेले. चालून जाईल म्हटलं.

तुझ्या फळीचं दुसरं टोक कोण धरतं?

हेमाली. तुझीही बायकोच. वाटलंच मला.

नाय देत. ओरड किती ओरडायचं ते. साधं पातं लाव, चार फेरे मार, मधलं पटाशीने काढ. वेळ नाय? मग फळ्या इकडे आण, मागच्या मोठ्या मशीनचा शाफ्ट लांब हाय, मी पाडून देतो खाचा. हो, मी. सहा वर्षं बटण दाबलं नाय त्याचं, आज दाबतो. टोकाला लोखंडी स्टँड लावू, माणूस नको. आत्ता आण. एकटा ये. जा — बघत काय राहिलास, जा!