शेवटचं बोलणं

हसू नका, पण घटस्फोटाच्या वकीलबाईंना मी पहिलाच प्रश्न विचारला, "एकाच घरात राहून वर्षभर वेगळे होतो, हे कोर्ट मानतं का?" जुईनगरच्या वन बीएचकेत मी हॉलमध्ये झोपतो, बायको बेडरूममध्ये.

त्या म्हणाल्या, "मानतं. पण नवरा-बायकोचं नातं संपलेलं हवं. शेवटचं बोललात कधी?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बायकोला आठवत होतं. "माझे बाबा गेले त्या सकाळी. मी याला सांगितलं, बाबा गेले. हा म्हणाला, 'डबा भरलास का?'"

वकीलबाईंनी तारीख लिहून घेतली.

आणि यार, डबा तिनं भरला होता. महापेला ऑफिसात बसून मी तो खाल्लाही, चाटूनपुसून.