पाळण्यावरचं कपाट

दवाखान्याच्या बाकावर मासिक उघडून बसलेल्या बाई बराच वेळ एकच पान वाचत होत्या. शेजारी एक सुतार आपल्या थोरल्या बहिणीशी कुजबुजत होता.

"ताई, छातीत नुसतं धडधडतंय."

"कशानं, ते सांगशील?"

"भिंतीवर टांगायची दोन कपाटं केली. गिऱ्हाइकाचं प्लायवुडचं. दुसरं दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचं, दुकानात शोभेला. दोन्हींवर सागाचं व्हिनियर चिकटवलं, कडासुद्धा झाकल्या."

"तुझे भावोजी तसेच. वरून साग, आतून भुसा."

"चेष्टा नको गं. आज दुकानातल्या कपाटाला भोक पाडलं, तर आत प्लायवुड."

"अरे देवा! मग भुशाचं कुठं गेलं?"

"गिऱ्हाइकाच्या घरी, पाळण्याच्या वर. वकिलांचं घर, कपाट जाडजूड पुस्तकांनी गच्च भरलंय."

"भुसा स्क्रू धरून ठेवेल?"

"किती दिवस, ते भुशालाच ठाऊक."

"आणि तू इथं नाडी दाखवायला बसलायस? लाव फोन!"

"लावतो... हॅलो वहिनी, मी सुतार. बाळ कुठंय?... ताई, त्या म्हणतायत हळू बोला, पाळण्यात आत्ताच झोपलंय."

"मग ओरडा की!"

या वेळी ताई नव्हे, मासिकवाल्या बाई किंचाळल्या.