दुसरी काठी

— नाही नाही, तिथे पाय नको साहेब, तो पत्रा नुसता टेकलाय, या पट्टीवर द्या — हां, असा, आता दुसरा आत आणि बसा सावकाश. बसलात? बघा, म्हटलं होतं ना, आरामात मावाल. सीट ह्युबर्टच्या जुन्या बोटीतली, गादी आमच्या बायकोने, सुरुचीने शिवलीय. फॉर्म धरू का मी? नको? राहू द्या मांडीवर. चौदा महिने झाले तो भरून, आणि खरं सांगतो, विमान खात्याचा माणूस भाईंदरला उतरून, बस धरून, उत्तनच्या पुढे या तारोडीत होडीच्या शेडमध्ये येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सगळे रकाने तपासून घ्या. वजन, पंख, इंजिन. तो सतरावापण बघा — ‘यंत्र यापूर्वी जमिनीवरून उचलले गेले आहे काय’ — तिथे मी ‘नाही’ लिहिलंय, चांगलं ठळक. मला माहितीये ना, परवानगीच्या आधी उचललं असेल तर अर्ज रद्द आणि विमानाला सील. सहा वर्षांचे रविवार आहेत साहेब यात, मी कशाला असला धंदा करीन? गावात कोणालाही विचारा, उचललेलं नाही. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी — म्हणजे, साहेब येणार आहेत, नीट वागा, असं सांगून ठेवलंय.

आता डावा हात खाली सोडा. सहज, बघू नका. लागलं काही? गोल, गुळगुळीत? तो थ्रॉटल, इंजिनाचा वेग त्याच्यावर. जरा पुढे चाचपा, दुसरं काहीतरी लांबडं, मध्ये खोबण असलेलं — तो चोक, इंजिन थंड असताना ओढायचा. ओळखलंत ना न बघता? याच्यासाठी चार महिने गेले. पुस्तकात सगळ्यांच्या मुठी काळ्या आणि लाल, पण रंग बघायला मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घालून गाडी चालवणाऱ्याचं काय होतं ते आमच्या मीरा रोडच्या खड्ड्यांत रोज बघतो. म्हणून आकार. थ्रॉटलवर सुरुचीच्या प्रेशर कुकरच्या झाकणाची मूठ आहे — हसताय? — अहो, तापत नाही, घसरत नाही, आणि घामेजलेल्या हाताला बरोबर बसते. चोकवर शिलाई मशीनची लाकडी रीळ. ती द्यायला सुरुची आधी तयार नव्हती. कुकर दिला, रीळ देईना. शेवटी म्हणाली, घ्या, पण वर गेलात तर परत आणून द्या. वर म्हणजे — पुढेमागे, परवानगीनंतर.

थ्रॉटलची केबल स्कूटरच्या ब्रेकची आहे, ते फॉर्मात आहे. पण केबलपेक्षा स्प्रिंगची गोष्ट ऐका, कारण त्यात मी जी चूक केली ती तुम्हाला दुसरीकडे बघायला मिळणार नाही. मी लिफ्टवाला. उत्तम खानविलकर, बावीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत, उभारणी आणि दुरुस्ती. लालबागच्या चाळीत राहायचो तेव्हाही दिवसभर वरखाली, इकडे आलो तरी वरखाली. लिफ्टचा एक धर्म असतो साहेब — काहीही तुटलं की थांब. दोर तुटला, थांब. लाइट गेली, थांब. दार उघडं राहिलं, थांब. आम्हाला पहिल्या दिवशी तेच शिकवतात, आणि माणूस मग घरीदारी तसाच होतो. तर मी काय केलं, केबल तुटली तर स्प्रिंग इंजिनाचा वेग आपोआप बंद करील अशी बसवली. छान वाटलं मला. झोप लागली शांत. आणि ह्युबर्टला दाखवली — ह्युबर्ट म्हणजे या शेडचा मालक, मच्छीमार, अख्ख्या किनाऱ्यावरच्या बोटींची इंजिनं तोच उघडतो, आज दर्यावर गेलाय — तर तो बघतच राहिला माझ्याकडे. म्हणाला, “उत्तम, मधल्या दर्यात मशीन बंद झाली, तर ती सेफ हाय का?” एवढंच. मी तिथे त्या पिंपावर बसलो. दोन वर्षं चुकीच्या बाजूने विचार करत होतो हो. वर असताना थांबणं म्हणजे सेफ नाही. वर असताना चालू राहणं म्हणजे सेफ. स्प्रिंग उलटी केली. आता केबल तुटली तर इंजिन फुल्ल, उडत राहा, किनारा शोधा, मग स्विच बंद करून उतरा. मी लिफ्टवाला, हे करताना तीनदा पाना खाली ठेवला, खोटं नाही सांगत. ती स्प्रिंग आज काढून ठेवलीय, तुम्हाला मोजमाप घेता यावं म्हणून — त्या बिस्किटाच्या डब्यात आहे बघा. म्हणून थ्रॉटलचा लिवर आत्ता मोकळा आहे, ठेवाल तिथे राहतो. ठेवा ना हात त्यावर. मागे ओढून ठेवा. मागे म्हणजे बंद, पुढे म्हणजे वेग.

आणि हे पुढे-मागे सोपं वाटतं ना? त्यावरून आमचं तीन महिने बोलणं बंद होतं. मी म्हणायचो ओढलं की वेग, स्कूटरची मूठ आपल्याकडे वळवतो तसं. ह्युबर्ट म्हणायचा ढकललं की वेग, बोटीसारखं. पुस्तकंही त्याच्याच बाजूची, पण चालवणार मी, ह्युबर्ट ब्याण्णव किलो, तो बसला तर विमान वाळूत रुतेल. मग हात कोणाचा धरायचा? तोडगा काढला सुरुचीने. तिने मला खुर्चीवर बसवलं, डाव्या बाजूला लाटणं बांधलं, डोळ्यांवर ओढणी. म्हणाली, तुम्हाला काय वाटतं ते सोडा, घाबरल्यावर हात कुठे जातो ते बघू, तिकडे बंद ठेवू. आणि गेली आत. मला वाटलं चहा ठेवायला गेली. एकदम मागे ताटांचा ढीग पडला — हात मागे. ‘साप’ म्हणाली — हात मागे. मग जरा थांबून अगदी हळू म्हणाली, ‘अहो, तुमचे साहेब आलेत’ — लाटणं उपटून माझ्या पोटात. तेव्हा ठरलं. घाबरल्यावर उत्तमचा हात मागे येतो, म्हणून मागे म्हणजे बंद. ह्युबर्टच्या घरी त्याच्या बायकोने, लूर्डसने त्या दिवशी खास सुरमई तळली, तीन महिन्यांनी आम्ही एका ताटाशी बसलो.

हसा हसा, मीपण हसलो. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. बावीस वर्षं हा हात मागेच येतोय साहेब. वरिष्ठांनी आवाज चढवला, मागे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करायचा म्हटलं, मागे. परदेशी लिफ्टच्या ट्रेनिंगला नाव होतं, मी म्हटलं दुसऱ्याला द्या. या हातावर विश्वास ठेवून मी यंत्र बनवतोय आणि यंत्र त्याच्या भित्रेपणाच्या हिशेबाने जुळवतोय — वाईट वाटलं मला. सुरुचीला नाही सांगितलं. तुम्हाला का सांगतोय कोणास ठाऊक, तुम्ही गप्प ऐकता म्हणून असेल.

तर मग पळवायची चाचणी. जमिनीवर पळवायला परवानगी लागत नाही ना? नाही लागत, वाचलंय मी. ईस्टरचा रविवार, सकाळी ओहोटी, वाळू कडक, आणि तारोडी झाडून सगळी चर्चमध्ये, म्हणजे वाटेत कोणी येणार नाही. ह्युबर्टपण कोट घालून तिकडेच, तोंड वाकडं करून गेला. मी आणि सुरुची दोघंच. दोन काठ्या रोवल्या. पहिल्या काठीपाशी लिवर पूर्ण पुढे, दुसऱ्या काठीपाशी पूर्ण मागे, थांबायचं, वळवून आणायचं. सुरुचीने शपथ घातली — फक्त पळवायचं. दुसऱ्या काठीपाशी ती लाल पदर धरून उभी.

काय सांगू साहेब. इंजिन असं काही ओरडलं की कावळे उठले सगळे. पहिली काठी आली, पुढे केला लिवर. वाळू दिसेनाशी झाली, नुसती पट्टी दिसते, डावीकडे पाणी, उजवीकडे बोंबील वाळत घातलेले, वरून बघितलं ना की त्या बोंबलांच्या रांगा वहीतल्या आखलेल्या ओळींसारख्या दिसतात — वरून म्हणजे आपल्या टेकडीवरून — आणि गादीखालचे धक्के एकदम कमी, मग नाहीच, आणि मला कळलं की आता, आता हात मागे येणार, घाबरला की येणारच, लाटण्यासारखा पोटात येणार, मी वाट बघत होतो हो त्याची, आणि सुरुचीचा पदर दिसला, दुसरी काठी आली, आणि गेली. बाजूने नाही गेली साहेब. खालून गेली.

हात आलाच नाही मागे. मी त्याला सांगितलं नव्हतं काही, तो तिथेच पुढे दाबून होता. घाबरलाच नाही तो. मी हसत होतो मोठ्याने, एकटाच, रडतही असेन, वाऱ्याने कळत नाही. अकरा सेकंद, सुरुचीने मोजले. अर्ध्या माडाएवढं उंच. चर्चमधून लोक बाहेर पडत होते, अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत पायऱ्यांवर उभं, आणि ह्युबर्टने कोट काढून हवेत —

अरे.

...

हे मी काय बोललो.

झालं. आता झालं ते झालं. सुरुची दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी, शपथ मोडली म्हणून, तिसऱ्या दिवशी नुसतं विचारलं, तेव्हा हात कुठे होता, मी म्हटलं पुढे, तर रीळ परत मागितली नाही तिने. तिला काय सांगू आता? लिहा साहेब. सतराव्या रकान्यात ‘नाही’ खोडा आणि ‘होय’ लिहा, गावाला खोटं बोलायला मी लावलं, त्यांचा दोष नाही. सील आणलंय का बॅगेत? लावा. फक्त लूर्डसकडून चहा येतोय, तो होऊ द्या, तिच्यासमोर नको. लिहा ना. पेन तर तुमच्या उजव्या हातात आहे मघापासून, टोपणसुद्धा काढलं नाहीत. का थांबलात —

साहेब.

तुमचा डावा हात बघा. नाही, हलवू नका, नुसतं बघा. मी म्हटलं होतं मागे ओढून ठेवा, तुम्ही ठेवला होतात, माझ्या डोळ्यांदेखत. स्प्रिंग डब्यात आहे. मी तर इथे पंखाला धरून उभा. मग हा लिवर पार पुढे कोणी नेला? आणि ऐकता ऐकता कुठे नेलात, पहिल्या काठीपाशी की दुसऱ्या?

राहू दे. बोलू नका. मीही गप्प बसतो.