पिल्लांनी रांगोळी पसंत केली

अगं, आमच्या मुलुंडच्या घरातली गंमत ऐक. मांजरी रिक्षाखाली गेली, तिची दोन पिल्लं मी कापसाने दूध पाजून जगवली. बशीतला दूधभात चाटायला शिकली, पण शी-शू सोफ्यावरच! वाळूच्या ट्रेला शिवायचीसुद्धा नाहीत. सूनबाईने बजावलं, "आई, आता एकदा जरी सोफा भिजला, तर पिल्लं खाली सोडणार हां."

दुसऱ्या दिवशी बघते तर दोघं माझ्या रांगोळीच्या उघड्या डब्यात! उकरून बसली आणि वर नीट झाकूनही टाकलं. रागावणार कुठली, माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी सूनच पिशवीभर रांगोळी घेऊन आली. शेजारीण म्हणाली, "एवढी रांगोळी? दिवाळी लांब आहे ना?"

सून म्हणाली, "आमच्याकडे रोज असते, दिवसातून चारदा."