रिकामी पट्टी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे माननीय संचालक. व्यासपीठावरील ज्येष्ठ सहकारी. पुष्पगुच्छ कुठे ठेवावा हे न सुचून तो मांडीवर घेऊन बसलेले आजचे सत्कारमूर्ती, आपले चिमटेकाका. पहिल्या रांगेतल्या काकू. आणि कर्मचारी, संशोधक, विद्यार्थी मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. बोलताना मी मधूनमधून त्या दाराकडे बघेन, राग मानू नका. कारण सांगेनच.

काकांना चिमटेकाका का म्हणतात, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. एकतीस वर्षं चुंबकीय मोजमापाच्या खोलीत त्यांनी स्टीलचा चिमटा शिरू दिला नाही. खिशात प्लॅस्टिकचे घेऊन फिरायचे. कुणी स्टीलचा आणलाच, तर तो काढून घ्यायचे आणि वर शब्दांचाही एक चिमटा काढायचे. एका पाहुण्या प्राध्यापकांना त्यांनी दारातच विचारलं होतं, "साहेब, नमुना मोजायचाय की चिमटा?" आमचा विषय इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा, पण फिरकी घेण्यात काकांचा हात धरणारा या संस्थेत कुणी नाही. काकू हसताहेत, म्हणजे घरीही हेच चालतं.

आता थोडं कामाचं. उद्या अकरा वाजता अध्यक्ष महोदय पत्रकारांना एक बातमी सांगणार आहेत, हे आपण जाणताच. आम्ही एका स्फटिकाचा चिकटपट्टीनं पापुद्रा काढला, जेमतेम एका थराचा. इतका पातळ पदार्थ स्वतःहून लोहचुंबक असणं दुर्मीळ. जराशी ऊब लागली की आतल्या फिरकीच्या दिशा विस्कटतात आणि चुंबकत्व जातं. आमचा पापुद्रा या सभागृहाच्या उबेतही चुंबक राहतो, असं आमचं म्हणणं. त्यातून पुढेमागे कमी विजेवर चालणारी संगणकाची स्मृती बनेल, अशी आशा. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र वाढवत नेऊन परत कमी केलं, की आलेखावरची रेघ जाताना एका वाटेनं जाते, परतताना दुसऱ्या, आणि मधे एक वळसा उरतो. तो वळसा ही चुंबकाची खूण. माझी तीन वर्षं आणि माझ्या विद्यार्थिनीचा अख्खा प्रबंध त्या वळशावर उभा आहे.

काल काकांचा कामाचा शेवटचा दिवस. किल्ल्या द्यायला माझ्या खोलीत आले, टेबलावर ठेवल्या आणि तिथेच घुटमळले.

"मॅडम, एक विचारू? हे चुंबकत्व त्याचं स्वतःचं आहे की उसनं?"

"म्हणजे?"

"तापवलं तरी हटत नाही. फार चिवट आहे. पोलाद असं वागतं. पापुद्रा ज्या सिलिकॉनच्या पट्टीवर बसवलाय, ती रिकामी मोजलीत का?"

"मोजलीय. दोन वर्षांपूर्वी."

"त्या पट्ट्या संपल्या. नव्या बाहेरून कापून आल्यात. कशानं कापल्या, कुणी विचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं. आमचा नमुना इतका पातळ, की पट्टीच्या कडेला पोलादाचा डोळ्यांना न दिसणारा कण चिकटला तरी त्याचाच आवाज मोठा येतो. हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवते. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, मी भडकले. विद्यार्थिनीच्या देखत म्हणाले, "यंत्र नीट ठेवणं तुमचं काम, निष्कर्ष काढणं माझं. आणि तुमचं काम आज संपलंय." काकांनी किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या. "किल्ल्या बघून घ्या," एवढंच म्हणाले आणि गेले.

आज सकाळी विद्यार्थिनीनं विचारलं, "रिकामी पट्टी लावू का?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिनं काय ते ओळखलं. बारा वाजल्यापासून, पापुद्रा नसलेली एक नवी पट्टी खालच्या मजल्यावर यंत्रात आहे. निकाल घेऊन ती त्या दारातून येईल. वळसा आला नाही, तर आमचं खरं. आला, तर...

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळ पाहिलंत, मला दिसलं. हे मी आपल्याला सकाळीच सांगायला हवं होतं. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. भीती वाटली, दुसरं काय?

तर, काकांचे गुण. कागदावर बारा लिहून आणलेत. वक्तशीरपणा. नीटनेटकेपणा. वरिष्ठांशी... वरिष्ठांशी आदरानं वागणं, असं लिहिलंय मी इथे.

दार उघडलं. एक मिनिट हं.

ये, अशी पुढे ये. नाही, कानात नको सांगूस. चिठ्ठी दे.

मी वाचते. "रिकामी पट्टी, तीनदा मोजली. वळसा आहे. तेवढाच मोठा."

बस गं इथे, माझ्या खुर्चीवर बस. पाणी द्या कुणीतरी तिला. प्रबंधाचं आपण दोघी बघू. चूक माझी आहे, तिची किंमत तुला मोजू देणार नाही.

अध्यक्ष महोदय, उद्याची पत्रकार परिषद कृपया रद्द करावी. पापुद्र्यात स्वतःचं चुंबकत्व असेल किंवा नसेल, आज आम्हाला ते ठाऊक नाही. आम्ही जे मोजलं, त्यावर मात्र आता माझा विश्वास उरलेला नाही. छापायला पाठवलेला शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र मी इथून उतरल्या उतरल्या लिहिते.

काकू, काल घरी आल्यावर नीट जेवले का हो ते? राहू द्या. तुम्ही खाली बघितलंत, त्यात कळलं.

आयोजकांनी मला बोलायला बोलावलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं कागदाच्या शेवटी लिहून आणलं होतं. ते आता वाचवत नाही. काका, कालचं माझ्या तोंडून ओघात गेलं नव्हतं. मी ते पूर्ण शुद्धीत बोलले, तुम्हाला लागावं म्हणूनच बोलले, आणि तुमचं बरोबर असेल या भीतीनं बोलले. या सगळ्यांसमोर, काकूंसमोर तुमची क्षमा मागते. करावीशी वाटली नाही, तरी ते मला मान्य आहे.