बारवेतून आलेली ओ

ऐका गं. हात शेंगांवर चालू दे, कान इकडे द्या. लाइट काही आता येत नाही. आणि ही कल्याणी रविवारी होणाऱ्या नवऱ्याबरोबर करंजपेठ बघायला निघालीय, म्हणून सांगतेय. नाहीतर सांगणार नव्हते. माझ्या सासरी ही गोष्ट हसत हसत सांगतात. मी चहाचा ट्रे धरून उभी असते आणि माझीच गोष्ट ऐकते. आज माझ्या तोंडून ऐका.

लग्नाला बारा दिवस झाले होते. नखांतली हळदसुद्धा निघाली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "धैर्यशील, हिला जरा फिरवून आण. पेठेभोवती एवढं बघण्यासारखं आहे, लांबलांबून लोक येतात." आमच्या ह्यांना तेवढंच हवं. ह्यांचं पेठेत मोटारपंपांचं दुकान. मंगळवारी बाजार, बुधवारी दुकान बंद. बुधवारी निघालो मोटरसायकलवर. एका दिवसात चार ठिकाणं!

आधी भैरवनाथाचं देऊळ. मग रांजणगड. गडावर ह्यांनी तोफेवर पाय ठेवून फोटो काढून घेतला आणि मला अख्खी लढाई सांगितली. शेजारच्या पाटीवर वेगळीच लढाई लिहिली होती. मी पाटी वाचली. मग लेणी. तिथं वटवाघळांचा वास, आणि भिंतीवर लोकांनी खरवडलेली नावं, भोवती बदाम. "आपलं पण लिहू का?" हे म्हणाले. मी म्हटलं, "थोडं थांबू. बाराच दिवस झालेत."

पायात नवी जोडवी होती. दिवसभर चावत होती. गडाच्या पायऱ्या उतरताना डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलले नाही, ह्यांनी काही विचारलं नाही. हे लक्षात ठेवा हं. पुढं लागणार आहे.

आणि मग, दिवस मावळल्यावर, जोड बारव.

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. डांबरी रस्त्यापासून खाली बाभळीच्या बनातून पायवाट जाते, दहा मिनिटांची. रस्त्याला चहाची टपरी, टपरीत सोनाबाई नावाची म्हातारी. गाडी तिथं लावली. म्हातारी म्हणाली, "आता निघालासा? दिवं लागायची येळ झाली की!"

"पाच मिनिटं मावशी. एक फोटो."

म्हातारीनं माझ्या हिरव्या चुड्याकडे बघितलं. "नव्या नवरीला सांगितलंयस न्हवं?"

"सांगितलंय, सांगितलंय!"

काय सांगितलं होतं? काही नाही! एक अक्षर नाही! मला वाटलं, पायऱ्या निसरड्या असतील, तेच सांगायचं असेल. मी ह्यांच्या मागं चालू लागले.

बावन्न पायऱ्या, मधे तीन टप्पे. वरती अजून उजेड होता, खाली नव्हता. पाणी काळं, गच्च. एक पान हलत नव्हतं. हे म्हणाले, "तू त्या खालच्या देवळीत बस. मी वरून काढतो, म्हणजे कमान येईल." भिंतीत देवासाठी कोनाडा असतो ना, तसा. देव नव्हता त्यात. मी बसले. ह्यांच्या चपला फटाक फटाक वर गेल्या. मग थांबल्या. मग काहीच नाही.

बसले. बसले. डास चावायला लागले. आता हाक कशी मारायची? आपल्याकडे नाव घ्यायचं ते उखाण्यात, चारचौघांत, लाजून. एरवी बाईनं नवऱ्याला म्हणायचं काय? तेच म्हटलं.

"अहो!"

"ओऽ"

ओ आली. पण खालून आली. पाण्याकडून. मला वाटलं, विहीर आहे, आवाज घुमतो.

"अहो, झाला का फोटो?"

"डोकं येत नाहीये. एक पायरी खाली ये."

ह्यांचाच आवाज! तोच बसका, तोच घाईचा. एक पायरी उतरले.

"अजून एक."

उतरले. दगड गार लागला.

"अजून एक."

पाणी बोटांना लागलं. गार म्हणजे कसलं गार! आणि मग तो आवाज, अगदी जवळून, काय म्हणाला सांगू?

म्हणाला, "दमलीस का गं?"

मी पुढची पायरी उतरले नाही.

"जोडवी चावतायत ना? काढ ती. ये, पाय पाण्यात सोड."

नलूआत्या, हसू नकोस. बारा दिवसांत त्या माणसानं मला एकदाही विचारलं नव्हतं, दमलीस का म्हणून. घामानं न्हाले होते, लंगडत होते, तरी नाही. मग आत्ताच कसं सुचलं? हे आमचे हे नव्हेत! त्यावरूनच ओळखलं मी. दुसऱ्या कशावरून नाही.

वर पाहिलं. कठड्याशी तो उभा होता. आभाळाचा शेवटचा उजेड त्याच्या मागं. हातात मोबाइल, त्याची बॅटरी लावलेली.

हो आत्या, 'तो' म्हणाले. थांब, पुढचं ऐक, मग तूच सांग काय म्हणू.

मी लाज सोडली. सगळी सोडली. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेऊन ओरडले. "धैर्यशीऽऽल! धैर्यशील, मला वर घ्या!"

नाव बारवेत चारदा फिरलं. वरचा उजेड माझ्या तोंडावर आला. माझ्या तोंडावर, कळलं का? आम्ही एकमेकांना बघितलं. मग उजेड हलला, माझ्या पायांकडे गेला, तिथं काय दिसलं त्याला देव जाणे. आणि उजेड विझला.

चपला वाजल्या. फटाक, फटाक, फटाक. लांब. लांब. बाभळीतून, रस्त्याकडे. पळाला! नाव धैर्यशील!

अंधार झाला. आणि त्या अंधारात, माझ्या घोट्याशी, हळूच, फार मायेनं:

"असू दे. मी आहे ना."

आणि पायाचं बोट कुणीतरी धरलं.

ओढलं नाही हो. नुसतं धरलं. आजारी माणसाचं बोट धरतात तसं. मी किंचाळले नाही, किंचाळायला श्वास कुठला? पाय जोरात मागं खेचला. जोडवं निघालं, बोट सोललं, बुळुक् करून काहीतरी पाण्यात गेलं. मी वर सुटले. भिंतीला आपटून बांगड्या फुटल्या, गुडघा फुटला, निऱ्या पायात आल्या. पहिला टप्पा. मागून, एकाच पायरीच्या अंतरावर, "दमलीस का?" दुसरा टप्पा. "बस जरा. दमलीस का?" तिसरा. आता आवाज रडवेला. "एकदा हो तरी म्हण!" मी दात दाबून धरले. ओठातून रक्त आलं, पण ओ दिली नाही. वर आले, आणि बनातून अशी धावले, अशी धावले, की काटे दुसऱ्या दिवशी मोजले.

टपरीचा दिवा दिसला. दिव्याखाली माझा नवरा. हातात चहा. अर्धा संपलेला.

म्हातारीनं मला बघितलं आणि हातातली किटली खाली टाकली. मला बाकावर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि त्याच्यावर उखडली. "पोरीला सांगितलं न्हवतंस! दिवं लागल्यावर त्या वाटंला बिननावाची हाक मारायची न्हाई. कुनी ओ दिली न्हाई म्हनून बुडाल्यालं मानूस हाय ते. बिननावाच्या समद्या हाकंला ओ देतंय. नावानं हाकारायचं, आन् नावानं हाक आली तरच आपुन ओ द्यायची. हे पेठंतल्या शेंबड्या पोराला ठावं हाय!"

त्याला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

"मावशी, तेच तर केलं मी," तो म्हणाला. "ही नुसती अहो अहो करत होती. मला कसं कळणार, ही आहे का ते आहे? माणसं गोळा करायला आलो होतो."

म्हातारीनं विचारलं, "हिनं नावानं न्हाई मारली हाक?"

मी तोंडाला लावलेला तांब्या खाली घेतला. त्याच्याकडे बघितलं. त्यानं चहाकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "नावानं नाही आली."

भूत भेटलं ते बारवेत, पण मी एकटी पडले ते त्या बाकावर.

घरी आल्यावर सासूबाईंनी दोनच प्रश्न विचारले. जोडवं कुठं पडलं, आणि नाव घेऊन हाक मारायला काय झालं होतं? मी म्हटलं, मारली होती. त्या म्हणाल्या, "धैर्यशील नाही म्हणतोय ना?" झालं. तेव्हापासून पाहुणे आले की गोष्ट होते. सूनबाई कशी अहो अहो करत राहिली, आणि बेडकाला कशी ओ देत बसली. हसतात. तो सगळ्यांत मोठ्यानं हसतो.

आता शेवटचं सांगते, मग उठू.

गेल्या आठवड्यात एका रात्री, पेठेतल्या घरात, तो शेजारी घोरत होता. माझं सोललेलं बोट अजून भरलं नव्हतं, आग होत होती. झोप कसली? आणि खिडकीखाली, गल्लीत, अगदी हळू आलं, "दमलीस का गं?"

काय सांगू तुम्हाला. बारवेत मी भ्याले, पण ते भ्यायचंच ठिकाण होतं. त्या रात्री मी खरी भ्याले. कारण मला ओ द्यावीशी वाटली. तोंड उघडलं होतं मी. पदराचा बोळा तोंडात कोंबून सकाळ केली, आणि सकाळच्या एसटीनं इकडे आले.

म्हणून कल्याणी, रविवारी जा. देऊळ बघ, गड बघ, लेणी बघ, पाट्या वाच. पण बाभळीच्या वाटेला पाऊल टाकू नकोस. सूर्य डोक्यावर असला तरी नको. आणि गडाच्या पायऱ्या उतरताना मुद्दाम जरा लंगड. तो विचारतो का बघ. नाही विचारलं, तर घरी येऊन मला सांग. साखरपुड्याला अजून पंधरा दिवस आहेत.

आणि आत्या, मघापासून तू दाराकडे बघतेस, कळतंय मला. उद्या न्यायला येणार आहे तो. नवं जोडवं घेऊन, असा निरोप आहे. येऊ दे. अंगणात उभा राहून हाक मारेल. मारू दे. नावानं मारू दे, तीनदा मारू दे. घरात असेन, इथंच शेंगा फोडत असेन, सगळं ऐकू येत असेल.

मी ओ देणार नाही.