वावर जयवंताच्या नावावर

गार्गी : काका, थोडं बाजूला सरका ना. फोटोत शेततळं आणि काकू, एवढंच पाहिजे.

वामनराव : सरकलो मॅडम. जयवंता, पदर नीट कर वं. मान वर घे. तिकडं साहेबलोक पाहतीन.

जयवंता : अवो, मी काय उभी राहू? तळं खंदाचं तुमच्या मनात होतं. जेसीबीमांगं उन्हात तुम्ही फिरले. मॅडम, यांचाच घ्या न फोटो.

गार्गी : नाही चालत काकू. मी साधी कृषी सहायक, माझ्या हातात नाही ते. वावर ज्याच्या नावावर, फोटो त्याचाच. सातबाऱ्यावर तुम्ही आहात.

जयवंता : ते तं अनुदानासाठी केलं न. बाईच्या नावावर वावर असनं तरच तळ्याले अनुदान भेटते म्हनून.

गार्गी : असं कोणी सांगितलं? असा काही नियम नाही. काकांच्या नावावर असतं तरी मिळालंच असतं.

वामनराव : मॅडम, ऊन चढून राहिलं. काढून घ्या लवकर.

जयवंता : थांबा जरा. अवो, तुम्ही मले खोटं काहून सांगतलं?

वामनराव : खोटं काय वं त्याच्यात? तुझं नाव लागलं, बरंच झालं न.

जयवंता : संक्रांतीच्या टायमाले तुम्ही पिंटूसंगं शहरात रामदासपेठेत मोठ्या दवाखान्यात गेले. आल्यावर म्हनले, गॅस हाय. अन् लगेच मले रजिस्ट्रीले नेलं. आता सोमवारी छातीचं ऑपरेशन. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं ना?

वामनराव : सांगतलं होतं. म्या म्हटलं, पहिले कामं उरकून घेऊ.

जयवंता : मले नाही सांगतलं.

वामनराव : तुले सांगतलं असतं तं तू सही केली असती का? रडत बसली असती. पिंटू पोरगा चांगला हाय आपला, सूनही चांगली हाय. पन उद्या मी नसलो, तं तुले कोनाच्या तोंडाकडं पाहा लागू नये. एवढंच होतं मनात.

(गार्गी फोन खाली घेते.)

गार्गी : काकू, मी उद्या परत येते. उद्या घेऊ फोटो.

जयवंता : नाही पोरी, आताच घे. कुठं उभी राहू?

गार्गी : इथं, काठावर. इकडे बघा… हं, झाला. छान आला. काका, आता पुढच्या आठवड्यात तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरून घ्या. मी पाहायला येईन.

वामनराव : हो हो. कागदवाले येतीन तं जयवंता हाय वावरात. माझ्यासंगं पिंटू येते. हिले इथंच थांब म्हटलं हाय.

जयवंता : मी बी येतो दवाखान्यात.

वामनराव : अन् वावर कोन पाहीन?

जयवंता : वावर माह्यं हाय न? मंग त्याचं मी ठरवीन. मॅडम, कागद आम्ही वापस आल्यावर टाकला तं चालते का?

गार्गी : चालेल काकू. बिनधास्त जा तुम्ही.

वामनराव : अवं, पन तिथं किती दिस लागतीन काय मालूम…

जयवंता : लागू द्या. वावर राहीन तितके दिस एकटं. तुमाले नाही ठेवत मी.